एकोणतीस मार्चनंतर

६ जानेवारी २०१९, रविवार

विहारातून वंदना करून परतलो, तो घरात करुणाचा फोन सुरू होता. आमची कन्या गेली चार वर्षे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका बंदराच्या गावी परिचारिका आहे. दर रविवारी तिची सकाळ आणि आमची दुपार जुळते. यंदा मार्चअखेरीस ती महिनाभरासाठी रत्नागिरीस यावयाची होती. आज कळले की ते आता होणे नाही. एकोणतीस मार्चला तो देश युरोपच्या संघातून बाहेर पडत आहे. त्या दिवसानंतर काय होईल हे तेथे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून रुग्णालयाने मार्चमधील आणि अर्ध्या एप्रिलपर्यंतच्या सर्वांच्या रजा थांबविल्या आहेत.

"औषधांची बेगमी चाललीय, बाबा," ती म्हणाली. "बंदरावर ट्रकांच्या रांगा लागल्या तर कामावर चालत कोण येऊ शकेल, तेसुद्धा विचारून ठेवलंय. माझ्याबरोबर राहते नि काम करते ती रुमानियाची पोरगी तर रोज इथं राहण्याच्या हक्काचे कसले ना कसले कागद गोळा करत बसते. दहा वर्षं झाली तिला इथं."

सुंदराबाईने मधूनच विचारले, "म्हंजे तिथं पूर येनार काय गो?"

"तसंच समज, आई."

"मग उंचावर जाऊन ऱ्हा," सुंदराबाई म्हणाली आणि हसली. फोन ठेवल्यावर मात्र ती बराच वेळ पडवीत बसून राहिली. मी तिला म्हणालो, पंधरा दिवसांचा तर फरक आहे. जे संयोगाने येते ते विलंबानेही येते. तिने मान हलविली.

२१ जानेवारी, सोमवार, पौर्णिमा

आजचा दिवस मनात जपून ठेवावा असा आहे. पौर्णिमेस मी अष्टशील ग्रहण करतो आणि माध्यान्हानंतर अन्न घेत नाही. सुंदराबाईने आजवर ते व्रत पौर्णिमेपुरतेही पाळले नव्हते. "घरात चूल मला सांभाळायची हाय," असे ती म्हणत असे. आज तिने आपण होऊन सांगितले, "आता मी रोजच दुपारनंतर जेवनार नाय. तुमच्या शिलाप्रमानं."

"रोज?" मी विचारले.

"रोज. चालतं ना?"

मला किती आनंद झाला हे लिहिता येत नाही. देवरूखच्या शाळेत मी आयुष्यभर संस्कृत शिकविले, निवृत्तीनंतर पालीचे वर्ग घेतले, शेकडो जणांना उपोसथाचा, म्हणजे पौर्णिमेच्या या व्रताचा, अर्थ सांगितला. आणि घरची उपासिका न सांगता, न वाचता तेथे येऊन पोहोचली. तृष्णेचे पहिले दार जिव्हा आहे, असे मी नेहमी सांगतो. तिने ते दार सहज लावून घेतले.

३ फेब्रुवारी, रविवार

सुहास आज घरी जेवला. रविवार असूनही त्याला पुन्हा कामावर जायचे होते. आमचा हा मुलगा मिरकरवाड्याजवळच्या मासळी गोठविण्याच्या कारखान्यात पर्यवेक्षक आहे. इंग्लंडच्या खरेदीदाराला सगळे म्हाकूल, ज्याला तेथे स्क्विड म्हणतात ते, एकोणतीस मार्चपूर्वी तेथे पोहोचलेले हवे आहे. जहाजाला महिना लागतो, म्हणजे येथून ते याच महिन्यात निघाले पाहिजे. पूर्वी युरोपच्या खोक्यांवर चालणारी चिठ्ठी आता इंग्लंडच्या खोक्यांवर चालेल की नाही हे कोणी सांगत नाही, म्हणून दोन्ही तऱ्हांच्या चिठ्ठ्या छापून ठेवल्या आहेत. म्हाकूल सोलणाऱ्या बायका दोन-दोन पाळ्या करीत आहेत.

शेजारची गोदा त्याच कारखान्यात आहे. ती सुंदराबाईजवळ येऊन बसली होती. बर्फात राबून तिच्या हातांची कातडी पांढरी पडली आहे. "वाटणी त्यांच्या घरात, नि सुजलेले हात आमचे!" ती म्हणाली. मग सुंदराबाईकडे पाहून, "काकी, तुमी गो कशानं वाळलाव?"

"शीलानं," मी उत्तर दिले.

सुंदराबाईने गोदाचे हात आपल्या हातांत घेतले आणि त्यांना खोबरेल चोळीत राहिली.

१० फेब्रुवारी, रविवार

देवरूखकडून भागोजी आला. हा माझा जुना विद्यार्थी. संस्कृतात कधी पास झाला नाही, परंतु त्याची आंब्याची बाग पाहण्यासारखी आहे. मुंबईचा व्यापारी त्याच्या मागे लागला आहे की इंग्लंडचा हापूस एकोणतीसच्या आत विमानात चढला पाहिजे.

"गुरुजी, हापूस म्हंजे काय एस.टी. हाय, येळेवर सोडायला?" भागोजी उद्वेगाने बोलला. "यंदा थंडी लांबली, मोहोर उशिरा. फळ अजून कवळं हाय. तो म्हणतो, कवळं काढ, पिकवायचं आमी बगतो. कवळं काढलेलं फळ पिवळं होतं, पिकत नाय."

"मग काय करणार?"

"काढनार. सगळेच काढतायत."

सुंदराबाईने त्याला दडप्या पोह्यांची बशी दिली. स्वतः घेतली नाही. दुपार टळून गेली होती. भागोजी म्हणाला, "बाईंनी पन दीक्षा घेतली वाटतं." मी त्याला अष्टशीलाचा अर्थ विस्ताराने सांगितला. त्याने अर्धाच ऐकला. त्याचे लक्ष तिच्याकडे होते.

१७ फेब्रुवारी, रविवार

करुणाशी आज किंचित मतभेद झाला. मी अभिमानाने तिला आईच्या व्रताविषयी सांगितले. तिने आनंद व्यक्त करण्याऐवजी प्रश्नांची सरबत्ती लावली. केव्हापासून? सकाळी तरी भाकरी किती खाते? खाल्लेले पोटात राहते का? पोलके सैल झाले आहे का? मी म्हणालो, "उपासिकेच्या देहाची नव्हे, शीलाची चौकशी कर."

"बाबा, फोन आईकडे फिरवा. मला तिला बघू द्या."

सुंदराबाई खिडकीकडे पाठ करून बसली होती. फोनमध्ये ती काळ्या सावलीसारखी दिसत असावी. करुणा म्हणाली, "आई, पुढे ये, उजेडात ये." सुंदराबाई म्हणाली, "उजेड डोळ्यांवर येतो." मग करुणा म्हणाली, "बाबा, फोन वहिनीला द्या." आमची सून आम्रपाली फोन घेऊन मागील दारी गेली. परत आली ती थेट सुंदराबाईजवळ जाऊन बसली.

परदेशी राहिलेल्या मुलांना व्रतांची भीती वाटू लागते.

१९ फेब्रुवारी, मंगळवार, माघ पौर्णिमा

विहारात प्रवचन. विषय उपोसथ. मी सुंदराबाईचे उदाहरण दिले, नाव घेऊन. स्वतःच्या पत्नीची प्रशंसा सभेत करणे शिष्टसंमत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु गुण जेथे आहे तेथे तो दाखविलाच पाहिजे. बायकांनी मागे वळून तिच्याकडे पाहिले. तिने पदर पुढे ओढला. उतरताना पायरीवर तिचा तोल गेला आणि आम्रपालीने तिला सावरले.

वाटेत ती मला म्हणाली, "सगळ्यांसमोर कशाला बोललाव?"

विनय हाही शीलाचाच भाग आहे.

१ मार्च, शुक्रवार

करुणाच्या आग्रहावरून आम्रपाली सुंदराबाईला गेल्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. तपासण्या झाल्या. आज अहवाल आला. जठरात गाठ आहे आणि ती यकृतापर्यंत गेली आहे. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी माझ्या डोळ्यांत न पाहता सांगितले की सहा महिने धरा, कदाचित अधिक.

म्हणजे ती जेवत नव्हती कारण तिला अन्न जात नव्हते.

हे वाक्य लिहून मी त्याच्यासमोर बसलो आहे.

३ मार्च, रविवार

करुणाने सारे आधीच वहिनीकडून ऐकले होते. रडून झालेल्या, कोरड्या आवाजात ती बोलली.

"बाबा, नीट ऐका. साध्या रजा बंद आहेत. पण घरातल्या आजारपणासाठी मला आठवडाभराची रजा मिळेल. एकदाच. आता आले तर आठवडा राहीन, मग पुन्हा लवकर सोडणार नाहीत. थांबले तर बंदी उठताच महिनाभर येईन. डॉक्टर सहा महिने म्हणतायत. मला तिकडचं दिसत नाही. तुम्ही सांगा, आता येऊ की थांबू?"

मी विचार केला. तथागतांनी, ज्या भिक्षूकडे त्याच्या सोबत्यांनीच पाठ फिरविली होती त्याचा मळ आपल्या हातांनी धुतला आणि सांगितले की जो रोग्याची सेवा करतो तो माझीच सेवा करतो. तिच्याभोवती तेथे इतके रोगी असताना तिने कर्तव्य सोडून यावे, आणि तेही केवळ आठवड्यासाठी, हे मला योग्य वाटेना. महिना आठवड्याहून मोठा असतो, हा साधा हिशोबही होताच. मी म्हणालो, "थांब. एकोणतीस मार्चनंतर ये. तोपर्यंत आम्ही आहोत."

ती म्हणाली, "आई काय म्हणते?"

"तिला त्रास कशाला," मी म्हणालो.

सुंदराबाई शेजारच्या खोलीत होती. तिला झोप लागली असावी.

१२ मार्च, मंगळवार

रोज सकाळी मी तिच्याजवळ बसून सुत्तांचे पठण करतो. आज मध्येच तिने हात वर केला.

"अवो, जरा थांबा. पाय चेपाल काय?"

मी ग्रंथ मिटला. लग्नानंतर प्रथमच तिचे पाय हाती घेतले. टाचांच्या भेगा अजून तशाच आहेत. माझ्या हातांना त्या अपरिचित वाटल्या. तिने डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "ह्ये बरं वाटतं." पठणाविषयी असे ती कधी म्हणाली नव्हती.

२२ मार्च, शुक्रवार

शिमग्याचे दिवस. गल्लीत पालख्यांचे ढोल वाजत आहेत. तिला आवाज सोसवत नाही म्हणून खिडक्या लावून घेतल्या आहेत.

बातमी आली की एकोणतीसची तारीख मोडली. आता म्हणे बारा एप्रिल, किंवा त्याही पुढे. सुहास दुपारीच घरी आला. त्याच्या कारखान्यातील माल तिकडे वेळेत पोहोचला, इतका की ठेवायला जागा नाही; येथे पुढची मागणी थांबली आणि बायकांना घरी बसविले. भागोजीचाही फोन आला. त्याची कोवळी पेटी मुंबईत कोणी उघडूनही पाहिली नाही. आता व्यापारी म्हणतो, घाई कसली, तारीख लांबली.

"झाडावर ऱ्हायला असता तर निदान पिकला असता, गुरुजी," तो म्हणाला.

करुणाच्या रुग्णालयाने रजांवरील बंदी एप्रिलअखेरपर्यंत वाढविली. "मी येऊ का, बाबा?" तिने पुन्हा विचारले. मी डॉक्टरांना विचारून सांगतो म्हणालो. डॉक्टर परगावी आहेत.

२४ मार्च, रविवार

आज सुंदराबाई अचानक बरी बोलली. पेजेचे दोन घोट घेतले. मी तिला जे विचारायचे टाळीत होतो ते विचारले, की हे तिने मला का सांगितले नाही.

"दिवाळीपास्नंच घास उतरत नव्हता. तुमाला सांगितलं असतं तर तुमी मला सुत्त वाचून दाखवलं असतंत," ती म्हणाली. तिच्या ओठांवर हसू होते. "करुणा यायची व्हती. तिला त्यातलं कळतं. म्हटलं, ती आली की तिलाच सांगू. तोवर ओढायचं."

"पण व्रताचे नाव कशाला घेतलेस?"

"दुसरं काय सांगितलं असतं तर तुमी इचारलं असतंत, पोट दुखतं काय, काढा घेतलास काय. शीलाला तुमी इचारलं नसतंत."

मी पेजेची वाटी बाजूला ठेवली. ती पुढे म्हणाली, "चुकलं असंल तर माफी करा. पर तुमी किती खूश व्हतात! मला वाटलं, ऱ्हाऊ दे."

मग तिने विचारले, "कवा येनार ती?"

मी सांगितले की तारीख पुढे गेली आहे. करुणाने येऊ का असे विचारले होते, आणि मी थांब म्हणालो होतो, हे मी तिला सांगितले नाही. असत्य बोललो नाही. परंतु मौनालाही कर्म म्हणतात, हे मला कोणी शिकवायला नको.

२९ मार्च, शुक्रवार

आज काहीच झाले नाही. तेथेही नाही आणि येथेही नाही. जगभरच्या माणसांनी ज्या दिवसासाठी औषधे साठविली, फळे खुडली, हात सुजवून घेतले, तो दिवस उगवला आणि मांडवीच्या समुद्रात बुडाला. मी सूर्यास्त पाहायला गेलो नव्हतो. वाणसामान आणायला गेलो होतो. घरी परतलो तो सुंदराबाईच्या डोळ्यांत कावीळ दिसू लागली होती.

३१ मार्च, रविवार

डॉक्टर घरी येऊन गेले. आता महिन्यांची भाषा नाही.

मी करुणाला तिच्या वेळेची पर्वा न करता फोन लावला. "ये," म्हणालो. तिने कारण विचारले नाही.

सुंदराबाईला सांगितले, "करुणा निघते आहे." ती म्हणाली, "तिला म्हनावं, जेवून नीघ. इमानात काय देत नसतील."

३ एप्रिल, बुधवार

काल सकाळी सुंदराबाईने देह ठेवला. करुणा त्या वेळी आकाशात होती.

ती मुंबईस उतरून येथे पोहोचेपर्यंत रात्र होणार, आणि हवा तापलेली. सुहास बाहेर पडला आणि कारखान्याच्या टेम्पोतून बर्फ घेऊन आला. गोदा आणि आणखी दोघी मागे उभ्या राहून आल्या. बर्फाच्या लाद्या भुशाच्या पोत्यांत गुंडाळून कशा लावायच्या, कोठे लावायच्या नाहीत, चेहऱ्याला कापडाचा आडोसा कसा ठेवायचा, हे त्यांनी आपसात हलक्या आवाजात ठरविले. आम्रपालीने शुभ्र लुगडे नेसविले. मी दारात उभा होतो. कोणी मला काही विचारीत नव्हते, आणि विचारले असते तरी मला काही माहीत नव्हते.

करुणा आली. तिने पिशवी उंबऱ्यात टाकली, हात धुतले, आईचे ओले केस पुसले. नंतर तिने आईची मनगटे धरली, नाडी पाहावी तशी, आणि तशीच बसून राहिली.

आज सकाळी अंत्यविधी झाला. अशा प्रसंगी पंचक्रोशीत अनित्यतेवर मी बोलायचे, अशी प्रथा आहे. विहाराचे अध्यक्ष माझ्याकडे पाहू लागले. मी मान हलवून नाही म्हणालो. सर्वांनी मिळून त्रिसरण म्हटले, तेवढेच झाले.

८ एप्रिल, सोमवार

काल पुण्यानुमोदनाचा विधी झाला. उद्या करुणा परत जाईल. तिची ती एकच रजा संपत आली.

संध्याकाळी ती मोरीशी भांडी घासत होती. माझ्याकडे न पाहता तिने विचारले, "बाबा, त्या रविवारी मी येऊ की थांबू विचारलं, तेव्हा आई काय म्हणाली होती?"

"मी तिला विचारले नाही," मी म्हणालो.

नळ चालू होता. ती टोप घासत राहिली, स्वच्छ झाला तरी घासत राहिली. आम्रपालीने येऊन तो तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "वन्सं, पुरे. आता जेवा."

करुणाने जेवताना मला भात वाढला. आमटी वाढली. पुरे का, असेही विचारले. ती रागावली असती तर मला अधिक सोपे गेले असते.

१४ एप्रिल, रविवार

बाबासाहेबांची जयंती. सकाळपासून निळे झेंडे, लेझीम, लहान मुलांची धावपळ. यंदा मी मिरवणुकीत गेलो नाही. लोक येता-जाता दारात थांबून "जयभीम, गुरुजी" म्हणत होते आणि हळूच पुढे जात होते.

करुणाचा फोन नेहमीच्या वेळी आला. फोन मी घेतला. आता घ्यायला मीच आहे. तिकडील तारीख थेट ऑक्टोबरअखेरीस गेली. रुग्णालयाने रजांवरील बंदी उठविली, आणि तिने जानेवारीत मागितलेला पूर्ण महिना तिला मेमध्ये मंजूर झाला आहे.

"कळवायचं म्हणून कळवते," ती म्हणाली. "आता एवढी रजा घेऊन मी काय करू, बाबा? परत देऊ? माझ्याबरोबरची ती रुमानियाची पोरगी तिच्या आईकडे जायचं म्हणतेय. तिला सुट्टी हवीय."

मला उत्तरे सुचली. रजा दुसऱ्याला देण्यात दान आहे. सेवेत राहण्यात कुशल कर्म आहे. दोन्ही उत्तरे शास्त्रशुद्ध होती आणि जिभेवर तयार होती. बाहेर ढोल थांबून पुन्हा सुरू झाले.

"तू ये," मी म्हणालो.

"कोणाला भेटायला?"

"मला," मी म्हणालो. "घरात सगळे आहेत, तरी मला एकट्याला राहवत नाही."

ती रडू लागली. मी फोन कानाशी धरून ठेवला.